पूर्वजांच्या लग्नाची नोंद

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत पणजोबा-पणजीच्या लग्नाची सरकारी नोंद कधी झालेलीच नव्हती. हिंदू विवाह हा संस्कार. होम, सप्तपदी आणि मांडवात जमलेली माणसे एवढ्यावर तो पुरा होई. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम ८ मध्ये नोंदणीची सोय केली, पण नोंद केली नाही म्हणून लग्न बाद ठरत नाही हेही त्याच कलमात सांगितले. म्हणून घराण्याचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने विवाह नोंदणीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालण्याआधी वेगळा प्रश्न विचारायला हवा: या लग्नामुळे कुठे पैसा हलला, कोणाचा हक्क उत्पन्न झाला, कोणती जमीन नावावर चढली, नवे जोडपे कोणत्या देवाला गेले? लग्नाचे रजिस्टर नसले, तरी लग्नाने ज्यांना स्पर्श केला ती दप्तरे शिल्लक असतात. शोध घ्यायचा तो त्या दप्तरांत.

नोंद असणे आणि नसणे यांतला फरक एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायला मिळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे रमाबाईंशी लग्न भायखळ्याच्या बाजारात झाले. त्यांच्यासारख्या महापुरुषाच्या बाबतीतही चरित्रांतून या लग्नाची १९०६ आणि १९०८ अशी दोन साले आढळतात. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत झालेला त्यांचा दुसरा विवाह मात्र नोंदणी पद्धतीचा होता, आणि त्याच्या तारखेबद्दल कोणाचे दुमत नाही. सामान्य घरांतली बहुतेक लग्ने पहिल्या प्रकारात मोडतात.

शोधाची सुरुवात घरातूनच व्हावी. लग्न ठरताना दोन्ही पक्षांत देण्याघेण्याची ‘याद’ होत असे. हुंडा, करणी, मानपान, कोणत्या बाजूने किती जेवणावळी, हे सारे कागदावर उतरवून खाली वडीलधाऱ्यांच्या सह्या होत. ही याद पुष्कळदा लग्नपत्रिकेपेक्षा जास्त बोलकी असते. पत्रिकेत यजमानांची नावे आणि मुहूर्त असतो, तर यादीत व्याह्यांचे गाव आणि मध्यस्थाचे नावही सापडते. त्याहून मोलाची म्हणजे आहेराची वही. कोणी काय दिले हे पुढे परतफेडीसाठी लक्षात राहावे म्हणून ती लिहिली जाई. त्यामुळे तिच्यात माहेर, आजोळ, आत्या-मावश्यांची सासरे, शेजार, गावचे मानकरी अशी सगळी माणसे ओळीने भेटतात. ‘मामाकडून’ असे लिहिलेल्या एका ओळीवरून वधूच्या आईचे माहेर कळते, आणि वंशावळ आणखी एक पिढी मागे जाते.

कागद हरवला तरी भांडी राहतात. आंदणात आणि आहेरात आलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावे घालण्याची रीत होती. माळ्यावरचे काळवंडलेले घंगाळ किंवा हंडा चिंचेने घासला, तर त्याच्या काठाखाली ‘चि. सौ. कां. अमुक हिच्या लग्नप्रीत्यर्थ’ असा मजकूर, देणाऱ्याचे नाव आणि कधी कधी पुरी तारीख वाचता येते. लग्नाच्या वेळीच कोरलेला हा लेख आजीच्या आठवणीपेक्षा भरवशाचा. मात्र ते भांडे दुसऱ्या घरातून, नंतरच्या एखाद्या आहेरातून फिरत आलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

यातला खरा अवघड भाग वधूचे नाव. अनेक समाजांत लग्नात मुलीचे पाळण्यातले नाव बदलले जाई. कल्याणच्या जोशांची यमुना १८७४ मध्ये गोपाळराव जोशांशी लग्न होऊन आनंदी झाली, आणि पुढे डॉ. आनंदीबाई म्हणून इतिहासात नोंदली गेली. १८७३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालेल्या कुर्लेकरांच्या मुलीचे नावही यमुनाच होते, ती रमाबाई झाली. या दोघी प्रसिद्ध म्हणून त्यांची दोन्ही नावे माहीत आहेत. इतर घरांत सासरचे नाव तेवढे उरते, आणि माहेरच्या वंशावळीत त्याच बाईचा शोध वेगळ्याच नावाने घ्यावा लागतो. छापील कुलवृत्तांतांत हीच अडचण उलट बाजूने येते. त्यात मुलग्यांची परिच्छेदभर माहिती असते आणि मुलीबद्दल ‘अमुक गावच्या तमुकांकडे दिली’ एवढी एक ओळ. ती ओळ वाया जाऊ देऊ नये. तिच्यातले गाव आणि आडनाव घेऊन व्याह्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत उघडला, की तिथे ती सून म्हणून, नव्या नावाने, बहुधा ‘अमुक यांची कन्या’ अशा शब्दांत भेटते. दोन्ही वृत्तांत जुळले, तर त्या लग्नाला दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या असे म्हणता येते.

जुन्या दस्तांत माणूस कसा लिहिला जाई हेही ठाऊक असावे लागते. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ किंवा ‘वलद’ आले, की पुढचे नाव बापाचे. बाईच्या नावापुढे ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘मर्द’ आले, की पुढचे नाव नवऱ्याचे. ‘राधाबाई कोम गणू’ असे एखाद्या खरेदीखतात दिसले, तर त्या कागदाच्या तारखेपूर्वी राधाबाईचे गणूशी लग्न झाले होते इतके नक्की ठरते. तारीख मिळत नाही, पण मर्यादा मिळते, आणि अशा दोन मर्यादांमध्ये लग्नाचे साल पकडता येते.

तारीख मिळाली तरी ती इंग्रजी सालात आणताना चुका होतात, आणि वंशावळीतले सगळ्यात जास्त घोटाळे इथलेच. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सर्वांना पाठ असते. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते. त्यामुळे १ जानेवारीनंतरच्या पौषाच्या भागाला, माघाला आणि फाल्गुनाला ७९ मिळवावे लागतात. धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी केलेला पुनर्विवाह ११ मार्च १८९३ चा. पंचांगाने तो शके १८१४ च्या फाल्गुन वद्यात पडतो. आंधळेपणाने ७८ मिळवले, तर १८९२ साल निघेल आणि लग्न एक वर्षाने मागे जाईल. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन येतो, तोही अरबी अंकनामांत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०, आणि वर्ष मृगाला बदलत असल्याने खरे उत्तर १७७०-७१. फसली सनात दक्षिणेत ५९० मिळवायचे. काशी-प्रयागच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो. शिवाय तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिकडचा वद्य पक्ष आपल्याकडच्या मागच्या महिन्यात जातो. बाळाजी प्रभाकर मोडक यांच्या जंत्रीने किंवा स्वामिकन्नू पिल्ले यांच्या पंचांग-कोष्टकांनी तिथीचा वार ताडून पाहावा. पत्रिकेत वार दिलेला असेल आणि तो जुळला, तर तारीख पक्की.

पंचांग आणखी एका कामी येते. चातुर्मासात आणि पौषात लग्ने होत नसत. मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ हे मुख्य महिने. गुरू-शुक्राच्या अस्ताचा काळ वर्ज्य. गुरू सिंह राशीत असतानाचे साधारण तेरा महिनेही मोठ्या प्रदेशात टाळले जात. नाशिकचा सिंहस्थ १९५६, १९६८, १९८० आणि १९९१ मध्ये झाला, त्या अंदाजाने मागची वर्षे काढता येतात. घरात कर्ता माणूस गेला असेल, तर लग्न वर्षाच्या आत उरकायचे, नाहीतर तीन वर्षे थांबायचे, ही समजूतही ध्यानात धरावी. आजोबांच्या मृत्यूची तारीख माहीत असेल, तर नातीच्या लग्नाचे साल त्यावरून पुष्कळदा सुचते.

पहिल्या मुलाच्या जन्मावरून लग्नाचे साल काढण्याची सवय मात्र सोडावी. एकोणिसाव्या शतकात मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई आणि संसार काही वर्षांनी सुरू होई, त्यामुळे लग्न आणि पहिले अपत्य यांत सहा-सात वर्षांचे अंतर सहज पडते. १ एप्रिल १९३० पासून सारडा कायदा अमलात आला. त्याने मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. कायदा १९२९ च्या सप्टेंबरमध्ये मंजूर झाल्यावर अंमल सुरू होण्याआधी देशभर बालविवाहांची झुंबड उडाली, आणि १९३१ च्या जनगणनेतही ती दिसून आली. घरात ‘तीसच्या आधी’ झालेल्या लग्नाची आठवण सांगितली जाते, तेव्हा १९३० चे पहिले तीन महिने प्रथम तपासावेत.

घराबाहेरचे सर्वांत समृद्ध साधन म्हणजे तीर्थोपाध्यांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथल्या उपाध्यांकडे यजमान घराण्यांच्या नामावळी पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या आहेत. आलेला यजमान आपले नाव, बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलगे, बरोबर आलेली बायकामाणसे सांगतो आणि खाली स्वतः सही करतो. पुढच्या पिढीतला माणूस आला, की तीच वही उघडून आधीचे वाचून दाखवतात आणि नवे लिहून घेतात. यात लग्नाची तिथी सहसा नसते. पण एका भेटीत अविवाहित असलेला मुलगा पुढच्या भेटीत सपत्नीक असतो, आणि दोन्ही नोंदींना तारखा असतात. लग्न या दोन तारखांमध्ये झाले. काही वह्यांत मातुल घराण्याचेही नाव लिहिलेले असते, कारण श्राद्धात मातृकुळातल्या पितरांचाही उच्चार करावा लागतो. धर्मकृत्याच्या गरजेपोटी जपलेली ही माहिती वंशावळीला नेमकी हवी असते.

उपाध्या गाठताना आडनाव एकटे पुरत नाही. घराण्याचे मूळ गाव सांगावे लागते, कारण वह्या पुष्कळदा गाव आणि जात या क्रमाने लावलेल्या असतात आणि यजमान भावाभावांत वाटलेले असतात. मूळ गाव तीन-चार पिढ्यांपूर्वी सुटले असेल, तर आधी तेच शोधावे. नवे जोडपे कुलदैवताला नेण्याची चाल असल्याने जेजुरी, तुळजापूर यांसारख्या ठिकाणी पुजाऱ्यांकडची वहीही विचारून पाहावी. तिथली नोंद लग्नानंतर थोड्याच दिवसांत झालेली असण्याचा संभव मोठा. मात्र या वह्या खासगी आहेत, एका कुटुंबाची उपजीविका त्यांवर चाललेली आहे. दक्षिणा देऊन, आदराने, आणि आपल्याकडची नवी नावे लिहवून देऊनच ती माहिती घ्यावी.

कोल्हापूर-सांगलीकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी आहेत. सुगी झाली की आपापल्या वतनातल्या गावी यायचे, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायची, धान्य-पैका घ्यायचा आणि त्या वर्षातले जन्म-मृत्यू, आलेल्या सुना आणि दिलेल्या लेकी वहीत चढवायच्या, हा त्यांचा धंदा. शेतकरी घराण्यांसाठी हेळव्याची वही कुलवृत्तांताच्या जागी उभी राहते. त्यांची पुढची पिढी या धंद्यातून बाहेर पडते आहे, म्हणून त्यांच्याकडच्या माहितीचे काम आजच हाती घेण्याजोगे आहे.

मराठेशाहीत लग्नावर करही होता. ‘लग्नटका’ हा लग्नाचा आणि ‘पाटदाम’ हा विधवेच्या किंवा सोडलेल्या बाईच्या पाटाचा, म्हणजे पुनर्विवाहाचा. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराच्या रुमालांत, गावांच्या आणि परगण्यांच्या जमाखर्चात या बाबी येतात. बहुतेक ठिकाणी नुसती रक्कम असते, पण नाव आले, तर अठराव्या शतकातल्या साध्या कुणब्याच्या लग्नाला लेखी आधार मिळतो. सवाई माधवरावांच्या १७८३ च्या लग्नाच्या व्यवस्थेची तपशीलवार याद शिल्लक आहे. त्या काळातल्या शेतकऱ्याच्या लग्नाची एक मोडी ओळ मिळाली तरी भाग्य मानावे. लग्न आणि पाट किंवा मोहतूर यांतला भेद दप्तरात पाळलेला असतो, तो वंशावळीतही पाळावा. झाकू नये. पाटाच्या बाईची मुले त्या घराण्याचीच होती.

ग्रामजोश्याला गावातली लग्ने लावण्याचे वतन असे, आणि दुसऱ्या कोणी लग्न लावले तरी तो आपला हक्क मागे. या भांडणांनी सामान्य घरांतली लग्ने कोर्टाच्या कागदांत आणून ठेवली. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून ब्राह्मण पुरोहिताविना लग्ने लावायला सुरुवात केल्यावर हे दावे तीव्र झाले. जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांच्या घरच्या अशा लग्नांवरून ग्रामजोश्यांनी लावलेला दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. ज्यांच्या पूर्वजांनी सत्यशोधक पद्धतीने लग्न केले, त्यांना समाजाच्या वृत्तांतांबरोबर अशा दाव्यांच्या कागदांतही शोध घेता येतो.

इंग्रजी अमलात जमिनीचे दप्तर सर्वांत उपयोगी. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढे इनामदारांना आपल्या वंशावळी मांडाव्या लागल्या, आणि निपुत्रिक विधवेने दत्तक घेतल्याच्या प्रकरणांत सुनांची नावे आली. १९०३ नंतर मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली, आणि तिच्याबरोबर फेरफाराची नोंदवही. खातेदार मेला की वारस नोंद होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही वारसांत येऊ लागल्या. एकाच फेरफारात चार मुली ‘सखूबाई भ्रतार तुकाराम, राहणार अमुक’ अशा ओळींनी येतात आणि चार लग्नांची माहिती एकदम देऊन जातात. पुढे त्यांनी हक्कसोड केले असेल, तर त्या दस्तात वये आणि पुन्हा सासरची गावे असतात. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. तिथले जुने कागद उर्दूत आणि फसली सनाचे असल्याने वाचणारा वेगळा लागतो. इतरत्र मोडी जाणणारा लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचकांची ही निकड साऱ्या राज्याच्या लक्षात आली. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी आणि शाळेचे जनरल रजिस्टर हीदेखील लग्नाच्या शोधातली साधने आहेत. मुलीने शाळा कधी सोडली, ही तारीख लग्नाच्या जवळपासची असू शकते.

ज्या समाजांकडे जमीन नव्हती आणि ज्यांना उपाध्यायाच्या ओटीवर बसू दिले जात नव्हते, त्यांच्या पूर्वजांसाठी ही अर्धी साधने बाद होतात. तिथे महार वतनाचे कागद, लष्करी नोकरीचे आणि पेन्शनीचे कागद, गिरण्या आणि रेल्वे यांतल्या नोकरीची कागदपत्रे जिथे टिकली असतील तिथली, आणि म्हाताऱ्या माणसांची तोंडी साक्ष यांवर भर द्यावा लागतो. तोंडी साक्ष घेताना सालापेक्षा घटना विचाराव्यात. लग्न प्लेगच्या आधीचे की नंतरचे, बाबासाहेबांच्या नागपूरच्या दीक्षेआधीचे की नंतरचे, याचे उत्तर ठाम येते.

कोर्टाने नोंद कशी घडवली, याचे मोठे उदाहरण रखमाबाईंचे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी त्यांचे लग्न झाले. त्यांनी नांदायला जायचे नाकारल्यावर १८८४ मध्ये दावा लागला आणि तो १८८८ च्या तडजोडीपर्यंत चालला. एरवी घरातच राहिले असते असे एक बालवयातले लग्न त्यामुळे वय-वर्षासह निकालपत्रांत कायमचे नोंदले गेले. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. साहजिकच मिळकतीच्या दाव्यांत ‘हिने पुनर्विवाह केला’ हे सिद्ध करण्यासाठी साक्षी-पुरावे गोळा झाले. तालुका आणि जिल्हा कोर्टांचे जुने निकाल म्हणून चाळावेत. पुनर्विवाह असेल, तर वर्तमानपत्रेही. १५ जून १८६९ रोजी मुंबईत झालेल्या पांडुरंग विनायक करमरकर आणि वेणूबाई यांच्या लग्नाची चर्चा इतकी झाली की त्याला दुसऱ्या दाखल्याची गरज उरली नाही.

ख्रिस्ती घराण्यांची स्थिती अगदी निराळी. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्न पाद्री आणि साक्षीदारांसमोर लावून त्याचे रजिस्टर ठेवण्याचा नियम केला, आणि पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात तो लागू झाला. चर्चच्या नोंदीत वर-वधू, दोघांचे आईबाप, गाव, साक्षीदार आणि पाद्र्याची सही असते. नातेसंबंधामुळे खास परवानगी घ्यावी लागली असेल, तर तेही. पोर्तुगीज हस्ताक्षर एकदा सरावले, की काम भराभर पुढे जाते. १९१४ पासून गोव्यात सर्व धर्मीयांसाठी नागरी नोंदणी आली, त्यामुळे गोव्यातल्या हिंदू घराण्यांच्या लग्नांचे दाखले महाराष्ट्रापेक्षा कितीतरी आधीपासून मिळतात. त्याआधीच्या काळासाठी नोटरीचे दस्त पाहावेत. तिथे पती-पत्नींची मिळकत सामाईक मानली जात असल्याने विक्रीच्या दस्तात बायकोचे नाव आणि संमती येते. पणजीचे पुराभिलेखागार हे या शोधाचे केंद्र. ब्रिटिश मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या लग्ननोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानंतर ही पद्धत अधिक नियमित झाली.

पारशी लग्नांना १८६५ च्या कायद्यापासून दस्तुराचा दाखला आणि रजिस्ट्रारकडची नोंद आहे. मुस्लिम घराण्यांत निकाहनामा आणि काझीचे दप्तर पाहावे. मेहेरची रक्कम, वकील आणि साक्षीदार यांची नावे त्यात मिळतात. बेने इस्रायल घराण्यांत केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, जपून ठेवलेला असतो. त्यातले वर्ष सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेले असते.

धर्माबाहेरचे किंवा धर्मांच्या सीमा ओलांडणारे लग्न असेल, तर १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखालची नोंद शोधावी. पंडिता रमाबाई आणि बिपिन बिहारी मेधावी यांचा १८८० चा विवाह याच कायद्याने झाला. त्यासाठी प्रचलित धर्म आपण मानत नाही असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसांतल्या लग्नासाठी ती अट सुटली, आणि १९५४ मध्ये नवा कायदा आला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता आणि नोंदणी देणारा कायदा केला, म्हणून करवीरच्या घराण्यांनी कोल्हापूरचे पुराभिलेखागार वगळू नये. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९५३ चा, आजचा महाराष्ट्राचा १९९८ चा, आणि सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी असे सांगितले ते २००६ मध्ये. उशिरा केलेल्या नोंदीत लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या असतात. पासपोर्ट किंवा पेन्शनीसाठी चाळीस वर्षांनी केलेल्या नोंदीतली लग्नाची तारीख आठवणीतली असू शकते.

मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांना मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधले आगमन-दप्तर आधार देते. त्यात माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, जात नोंदलेली असते. तिथे धर्मविधीने झालेले पण नागरी नोंद नसलेले लग्न कायद्याने मानले जात नसे. म्हणून मुलांच्या जन्मनोंदीत बापाचे नाव गाळलेले दिसले, तर लग्न झाले नव्हते असा निष्कर्ष काढू नये.

एवढे सारे हाती आल्यावर साधने एकमेकांशी भांडतात. तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात: नोंद घटनेच्या किती जवळ लिहिली गेली, लिहिणाऱ्याला ती माहिती कुठून मिळाली, आणि खोटे लिहिण्यात त्याचा काही फायदा होता का. फेरफारातली सासरची गावे सहसा खरी, कारण भाऊबंद हरकत घ्यायला टपलेले असतात. दत्तकाच्या वादात मांडलेली वंशावळ संशयाने वाचावी. कुलवृत्तांत पुष्कळदा पत्रांनी मागवलेल्या माहितीवर उभा असतो, म्हणून त्याच्या आधीची नोंद मिळाली तर ती वरचढ. वंशावळीत नोंद लिहिताना प्रत्येक अंगाचा आधार वेगळा द्यावा: लग्न शके १८५१ माघ, आहेराच्या वहीवरून, वधूचे माहेर वारस फेरफारावरून, पाळण्यातले नाव धाकट्या बहिणीच्या सांगण्यावरून, तिथी अज्ञात. मूळ वही कोणाच्या घरी आहे तेही त्याच ओळीत लिहावे, आणि तिच्या पानांची छायाचित्रे काढून एक प्रत दुसऱ्या शाखेकडे द्यावी.